रुमालाखालचे चाळीस सेकंद

माझे आजवर अकरा सत्कार झाले. त्या अकरा कार्यक्रमांत माझं गाणं पुरतं झालं ते एकदा. ही तक्रार नाही, माहिती आहे. मी विज्ञान शाखेचा पदवीधर आहे, आकडा सांगताना फुगवत नाही.

सत्कार म्हणजे इतर गावांत शाल आणि नारळ. सोलापुरात शालीच्या जागी चादर येते, नाहीतर टॉवेल, नाहीतर दोन्ही. शहर जे विणतं तेच आल्यागेल्याच्या खांद्यावर टाकतं, त्यात गैर काही नाही. आई त्या चादरी मावशीला, मामाला, बहिणीच्या सासरी अशा वाटत सुटते. आमच्या गावात निम्म्या घरांत माझी कीर्ती अंथरलेली आहे. माणसं तिच्यावर झोपतात. त्यांतल्या एकानंही माझं गाणं ऐकलेलं नाही.

मी प्रायोगिक रॉक गातो. गाणी मीच लिहितो, चाली मीच लावतो. प्रायोगिक म्हणजे काय, असं कुणी विचारलं की पूर्वी मी नीट समजावून सांगायचो, की यात ध्रुवपद पुन्हा पुन्हा येईलच असं नाही, ताल मध्येच मोडतो, कधी नुसता आवाज असतो, कधी आवाजही नसतो. हे सगळं ऐकून घेतल्यावर माझा चुलता म्हणाला, "म्हंजी अजून शिकायलायस व्हय? मग शिकून झाल्यावर बोलीव की." तेव्हापासून समजावणं बंद केलं. आता मी फक्त "रॉक" म्हणतो आणि लोक "अच्छा, ऑर्केस्ट्रा" म्हणतात.

आमचं गाव सांगोल्याच्या पलीकडे, माळरानाचं. घरी मेंढरं, थोड्या शेळ्या, थोडी बाजरी. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो, आणि फिजिक्स घेऊन फर्स्ट क्लासमध्ये उतरलो. हे मी संधी मिळेल तिथं सांगतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या डिग्र्या भिंतीवर लटकताहेत त्यांनी लाजावं.

गिटार मला सोलापूरच्या हॉस्टेलमध्ये सापडली. वरच्या मजल्यावरचा एक जण परीक्षेत गटांगळी खाऊन गावी गेला आणि ती कॉटखाली टाकून गेला. तारा चार शिल्लक होत्या. सहा लागतात हे मला माहीत होतं, पण दोन विकत घेण्यापेक्षा चारांवर भागवणं सोपं होतं, म्हणून माझी पहिली सगळी गाणी चार तारांवरची आहेत. पुढे पुण्याच्या एका विद्वानानं माझ्याबद्दल लिहिलं, की या कलावंतानं दोन तारांचा जाणीवपूर्वक त्याग केला आहे. मी ते कात्रण जपून ठेवलंय. त्यागी म्हणून माझं नाव दुसरीकडे कुठं येण्याची शक्यता नाही.

ड्रम वाजवणारा माझा जोडीदार सोलापूरचाच. त्याच्या घरच्यांचा मालवाहतुकीचा धंदा आहे, होटगी रोडला गोदाम आहे. आम्ही तिथंच सराव करतो, पोत्यांमध्ये. पोत्यांमुळे आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरच्यांची सुटका होते. तो मला नावानं हाक मारत नाही, "ग्रॅज्युएट" म्हणतो. "ओ ग्रॅज्युएट, ये कौनसा ताल है? सात है के साडेसात?" मी म्हणतो, सात. तो म्हणतो, "फिर ठीक है. साडेसाती होती तो मैं घर चला जाता था."

आम्ही दोघंच. सकाळी मी एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो, तो टेम्पोच्या फेऱ्या लावतो, दुपारनंतर संगीत. अशी माझी कारकीर्द. कारकीर्द हा शब्द मी हट्टानं वापरतो, कारण नातेवाईक तिला "नाद" म्हणतात.

या कारकिर्दीतला पहिला जाहीर कार्यक्रम कॉलेजच्या गॅदरिंगचा. मी गिटार स्पीकरसमोर धरून एक लांब, किंचाळणारा सूर काढत होतो. तीन महिने खपून बसवलेला सूर. साउंडवाला तीनदा पळत स्टेजवर आला. तिसऱ्यांदा त्यानं वायरच काढली आणि माईकवर जाहीर केलं, "सॉरी हं, खराबी होती, काढली." टाळ्या पडल्या. त्याला.

त्यानंतर एका पुढाऱ्याचा वाढदिवस झाला. तिथं आम्हाला सांगितलं होतं, तुमचं काय ते वाजवा, पण साहेब आले की थांबवा. साहेब आमच्या दुसऱ्या ओळीलाच आले. एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये नवरीच्या आत्यानं पुढं येऊन विचारलं, "घरात काही वाईट झालंय का रे बाळा? मग असं का गातोयस?" इतका आस्थेनं विचारलेला प्रश्न मला नंतर कुठल्याही समीक्षकानं विचारलेला नाही.

आता त्या गाण्याकडं येतो.

आमच्याकडं जनावरांच्या बाजारात भाव बोलून ठरत नाही. विकणारा आणि घेणारा, नाहीतर मध्ये दलाल, समोरासमोर उभे राहतात. एकमेकांच्या उजव्या हातावर रुमाल नाहीतर टॉवेल टाकतात आणि त्याखाली बोटं धरून भाव करतात. कुठलं बोट, किती बोटं, कसं दाबलं यावर आकडा. आजूबाजूला दहा माणसं उभी असतात, पण कुणाला काही कळत नाही. दोघांचे चेहरे अगदी कोरे असतात. मग हात सुटतो, आणि जनावराची दोरी एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

त्यावर मी नऊ मिनिटांचं गाणं केलं. सुरुवातीला बाजार: ड्रमवर खुरांचा गोंधळ, गिटारवर सगळा कल्ला, वर माझं ओरडणं. सहाव्या मिनिटाला सगळं एकदम थांबतं. जोडीदार ड्रम सोडून पुढं येतो, आम्ही समोरासमोर उभे राहतो, हातांवर टॉवेल टाकतो आणि चाळीस सेकंद काहीही वाजत नाही. मग हात सुटतो आणि मी शेवटचं कडवं म्हणतो, एकट्या आवाजात, जी शेळी विकली गेली तिच्या बाजूनं. ते कडवं चांगलं आहे. स्वतःचं म्हणून सांगत नाही. वाईट असतं तर तेही सांगितलं असतं.

हे गाणं घेऊन आम्ही पुण्याला गेलो. एका छोट्या हॉलमध्ये निवडक लोकांसाठी कार्यक्रम होता. आयोजक दाढीवाला, मृदू बोलणारा, प्रत्येक वाक्यात "अस्सल" म्हणणारा. मी कडक इस्त्रीचा शर्ट, पँटमध्ये खोचून, बूट घालून गेलो होतो. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खिन्न झाला.

"घोंगडं नाही आणलंत?"

"थंडी आहे का हॉलमध्ये?"

"नाही, म्हणजे, ते तुमचं ना. तुमच्या मातीतलं."

मी म्हणालो, "माझं हे आहे. हा शर्ट मी माझ्या पगारातून घेतलाय." जोडीदारानं मागून विचारलं, "और मैं क्या पहनू? टेम्पो?"

पुणेकरांनी मात्र गाणं मनापासून ऐकलं, हे मान्य करतो. चाळीस सेकंदांच्या शांततेत कुणी खोकलंसुद्धा नाही. डोळे मिटून बसले होते, काहींचे चेहरे दुखल्यासारखे झाले होते. गाणं संपलं तेव्हाही ते तसेच बसले. हीसुद्धा शांतताच असावी असं त्यांना वाटलं. अर्धं मिनिट गेलं. जोडीदार माझ्या कानात म्हणाला, "मर गए क्या सब?" शेवटी मीच माईकवर म्हणालो, "झालं." मग टाळ्या.

नंतर प्रश्नोत्तरं झाली. एका बाईंनी पशुपालक समाजातल्या मौनाच्या परंपरेबद्दल विचारलं. मी तोपर्यंत चांगलाच फुगलो होतो. म्हणालो, "हे चाळीस सेकंद मी मनानं ठरवलेले नाहीत. बाजारात हात एवढाच वेळ रुमालात असतो. तिथं वाढलेल्या माणसालाच ते कळतं." सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. आयोजकानं हळूच सुचवलं, की पुढच्या वेळी व्हिडिओसाठी ही शांतता थोडी आखडती घेता आली तर. मी ताठपणे नाही म्हणालो. एक सेकंद कमी होणार नाही. अस्सल म्हणजे अस्सल.

या कार्यक्रमाची चार ओळींची बातमी छापून आली, आणि पुण्यात कौतुक झालं म्हटल्यावर सोलापूरला जाग आली. एका मंडळानं "गुणवंतांचा गौरव सोहळा" ठरवला. पंचवीस गुणवंत होते. दहावी-बारावीची मुलं, एक फौजदार झालेली मुलगी, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि मी. पालकांचाही सत्कार होता.

मी एकच अट घातली. माझं गाणं पूर्ण होऊ द्यायचं. नऊ मिनिटं. तसं पत्रिकेत छापायचं. अध्यक्ष म्हणाले, "नऊ कशाला, पंधरा घ्या की." सोलापुरात जो माणूस नऊ मागितल्यावर पंधरा देतो तो तीनसुद्धा देणार नसतो, एवढं मला अकरा सत्कारांनी शिकवलंय. मी छापूनच घेतलं. पत्रिकेवर आलं: "गायन (९ मि.)". प्रमुख पाहुण्यांच्या नावाखाली, अल्पोपाहाराच्या वर.

अट घालायचं कारण आबा. माझे वडील. ते या कार्यक्रमाला येणार होते, आणि त्यांनी माझं गाणं कधीच ऐकलेलं नव्हतं. एकदा सुट्टीला गेलो असताना मी मोबाईलवर लावलं होतं. आबा वाड्यात मेंढरांपाशी बसले होते. मिनिटभरानं म्हणाले, "बंद कर ते. मेंढरं बुजाय लागली." खरंच बुजली होती. मी बंद केलं. पुन्हा लावलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. हॉस्टेलचे तीन वर्षांचे पैसे त्यांनी कसे उभे केले ते मला माहीत आहे, आणि त्यातून मी काय केलं हे त्यांना माहीत नव्हतं. अकराच्या अकरा चादरी घेतल्या नसत्या तरी चाललं असतं. हे एक गाणं त्यांनी खुर्चीवर बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच मला पाहिजे होतं. तेही त्यांच्याच बाजाराचं गाणं. तसं मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगून ऐकवण्यात काय मजा?

कार्यक्रम एका मंगल कार्यालयात, सकाळी साडेदहाला. एक वाजल्यापासून तिथं एक साखरपुडा होता. आबा पहिल्या एसटीनं आले. पांढरं धोतर, नवा सदरा, पायात वाजणारं पायताण. स्वयंसेवकांनी त्यांना धरलं आणि त्यांचा पटका काढून त्याजागी गुलाबी फेटा बांधला. सगळ्या पालकांना तोच. आबांनी आरशात बघितलं आणि मला विचारलं, "नवरदेव कोण हाय?"

प्रमुख पाहुणे पावणेबाराला आले. मग दीपप्रज्वलन. काडी तीनदा विझली, पंखा बंद करायला माणूस शोधावा लागला. मग स्वागतगीत. मग पाहुण्यांचा सत्कार, अध्यक्षांचा सत्कार, पाहुण्यांच्या सोबत आलेल्या माणसाचा सत्कार. मग प्रास्ताविक. सूत्रसंचालक एका शाळेतले शिक्षक होते, गळ्यात उपरणं, आवाजात मध. प्रत्येक गुणवंताला बोलावण्याआधी ते स्वतः केलेल्या चार ओळी म्हणायचे. पंचवीस गुणवंत, शंभर ओळी. त्या दिवशीचा सगळ्यात दीर्घ काव्यप्रयोग त्यांचाच होता, पण त्यांना कुणी प्रायोगिक म्हटलं नाही.

फोटोची पद्धत तुम्ही पाहिली असेल. चादर एकाच्या खांद्यावर टाकायची असते, पण तिला दहा हात लागतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, ज्याचा संबंध आहे तो, ज्याचा नाही तोही. ज्याचा हात चादरीला लागला नाही तो फोटोत नाही, आणि जो फोटोत नाही तो कार्यक्रमाला आलाच नव्हता.

साडेबारा झाले. दारात साखरपुड्याची माणसं पातेली घेऊन उभी राहिली. कार्यालयाचा मॅनेजर मनगटावर बोट आपटून दाखवत होता. सूत्रसंचालक माझ्याकडं वाकले. "सर, आपण दोन ओळीत आवरूया का? आभार राहिलेत."

मी पत्रिका काढून दाखवली. नऊ मिनिटं. छापील.

"ते अंदाजे हो."

"मास्तर, वर्गात परीक्षेची वेळ अंदाजे देता का?"

दिली एकदाची वेळ. आबा आणि बाकीचे पालक स्टेजवरच मागच्या रांगेत बसलेले, गुलाबी फेट्यांची एक ओळ. आम्ही सुरू केलं. पहिल्या मिनिटात अल्पोपाहाराच्या रांगेतून लोक प्लेट घेऊन परत आत आले, काय पडलं ते बघायला. पोस्टमास्तरांनी कानाचं यंत्र काढून खिशात ठेवलं. मी आबांकडं बघत नव्हतो. बघितलं असतं तर सूर चुकला असता.

सहावं मिनिट. सगळं थांबलं. जोडीदार पुढं आला. टॉवेल आमच्याकडं आमचा होता, पण त्या दिवशी सत्काराचाच खांद्यावर होता, तोच घेतला. हातावर टाकला. त्याखाली हात धरला. जोडीदार मनात मोजतो; त्याची बोटं मला कळतात. एक, दोन, तीन.

सूत्रसंचालकांचं काय चुकलं असं मी म्हणू? स्टेजवर दोन माणसं समोरासमोर उभी आहेत आणि मध्ये टॉवेल आहे. सोलापुरात जन्मलेल्या माणसाला त्याचा एकच अर्थ कळतो. आठ की नऊ सेकंद झाले असतील, माईकवर मध सांडला:

"आणि आता एक अत्यंत हृद्य क्षण! आपले गुणी गायक आपल्या सहकलाकाराचा टॉवेल देऊन सन्मान करीत आहेत! जोरदार टाळ्या! छायाचित्रकार, पुढे या!"

टाळ्या. फोटोग्राफर धावत आला. "सर, इकडं बघा. टॉवेल वर घ्या थोडा." अध्यक्ष उठले. त्यांच्या मागून उपाध्यक्ष उठले. प्रमुख पाहुणे उठत नव्हते, पण खजिनदारांनी त्यांना काखेत हात घालून उठवलं. एक एक करून सगळ्यांनी आमच्या टॉवेलला हात लावला आणि कॅमेऱ्याकडं बघून हसले. मी हात सोडला नाही. जोडीदारानंही नाही. तो ओठ न हलवता म्हणाला, "ग्रॅज्युएट, मैं गिनती भूल गया."

मला रडू येईल की काय असं वाटत होतं, खरं सांगतो. तीन मिनिटं राहिली होती. शेवटचं कडवं राहिलं होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून पायताण वाजलं. आबा उठून पुढं आले. अध्यक्षांना वाटलं, वडिलांनाही फोटोत यायचंय. त्यांनी सरकून जागा केली. आबांनी अध्यक्षांचं मनगट धरलं आणि टॉवेलवरून बाजूला काढलं. मग उपाध्यक्षांचं. मग पाहुण्यांचं. शांतपणे, खुराड्यातून कोंबड्या काढाव्यात तसं.

"व्हा बाजूला. मधी हात घालू नये कुणी."

सूत्रसंचालक हसत म्हणाले, "बाबा, सत्कार चाललाय."

"कसला सत्कार? सौदा चाललाय. दिसंना व्हय? हात सुटला न्हाय अजून."

हे सगळं माईकवरून हॉलभर गेलं. लोक हसले. मग हसू ओसरलं आणि हॉल खरोखरच गप्प झाला, कारण सौदा म्हटल्यावर भाव काय ठरतोय याची प्रत्येकाला उत्सुकता असते. प्लेटा थांबल्या. दारातली पातेलीवाली माणसंसुद्धा आत सरकून बघू लागली. अध्यक्ष, पाहुणे, खजिनदार स्टेजच्या कडेला ओळीनं उभे, जसे बाजारात बघे उभे असतात. आबा मध्ये, दोन्ही हात मागं बांधून, आमच्यावर पहारा देत.

जोडीदारानं पहिल्यापासून मोजलं. पूर्ण चाळीस. मग हात सुटला, आणि मी शेवटचं कडवं म्हटलं. अडीच मिनिटं. कुणी आलं नाही, कुणी आभार मानले नाहीत, वायर कुणी काढली नाही. संपलं तेव्हा टाळ्या झाल्या. पुण्यापेक्षा कमी, पण वेळेवर.

एसटी स्टँडवर आबांच्या गाडीला अर्धा तास होता. फेटा डोक्यावरच होता, नारळ पिशवीत. मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलंच.

"कसं वाटलं?"

"आदी लई आरडलास."

"तो बाजार आहे, आबा."

"व्हय, बाजारच हाय. बाजारात येवढंच आरडत्यात." त्यांनी पिशवीतला नारळ सरळ केला. "शेवटचं बरं हाय. शेळीचं. ते कुणाचं हाय?"

"माझंच."

"बरं हाय ते."

मी एवढ्यावर थांबलो असतो तर सुखी राहिलो असतो. पण मला शांततेबद्दल ऐकायचं होतं. ज्या माणसानं अख्ख्या मंडळाला टॉवेलवरून हाकललं, तो तिच्याबद्दल काय म्हणतो ते.

"आणि ते मधलं? रुमालातलं?"

आबांनी माझ्याकडं नीट बघितलं. मी चुकीचं जनावर निवडल्यावर लहानपणी बघायचे तसं.

"येवढा येळ हात कोण धरतंय? धा गिनायच्या आत सुटतो. फार तर पंधरा. तुमी दोघं खुळ्यागत उभे ऱ्हायलाव. येवढ्यात गिऱ्हाईक दुसरीकडं शेळी घिऊन घरी गेलं असतं."

"ते लोक मधे आले म्हणून..."

"ते आल्ते ते येगळं. त्यांच्या नंतरचं म्या गिनलं. चाळीस झालं. गिनायची सवय हाय मला."

गाडी लागली. ते खिडकीत बसले आणि गुलाबी फेट्यासह गेले.

मला राग आला. इतका, की आठवडाभर मी गोदामात गेलो नाही. मी फिजिक्स शिकलेला माणूस. वेळ कसा मोजतात हे मी रोज सकाळी चाळीस मुलांना शिकवतो. आणि ज्या माणसाला घड्याळ मी घेऊन दिलं, तो मला सांगणार?

पुढच्या रविवारी सांगोल्याच्या बाजारात गेलो. बारावीनंतर पहिल्यांदाच. शर्ट खोचलेला होता, त्यामुळं दोघांनी मला सरकारी माणूस समजून वाट दिली. मोबाईलवर सेकंद मोजायचं लावलं आणि जिथं जिथं रुमाल पडला तिथं तिथं उभा राहिलो. सात सेकंद. नऊ. अकरा. पुन्हा नऊ. एकदा अठरा झाले. तिथं दलालाला मध्येच शिंक आली होती. सकाळभर फिरलो. चाळीसच्या जवळपासही कुणी नव्हतं.

मग लक्षात आलं, की चाळीस कुठून आले. सात-आठ वर्षांचा असताना मी आबांबरोबर जायचो. शेळीची दोरी माझ्या हातात असायची. उन्हात उभा, पोटात भूक, आणि आबांचा हात रुमालात जायचा तो माझ्या हिशेबानं निघायचाच नाही. कधी कधी ती शेळी मला विकायची नसायची. तेवढा वेळ माझ्या डोक्यात चाळीस सेकंद म्हणून राहिला, आणि मी तो पुण्याला नेऊन बाजाराचं मोजमाप म्हणून सांगून आलो. त्या बाईंनी वहीत लिहून घेतलंय. समाजाची मौन-परंपरा म्हणून एका भुकेल्या पोराचा कंटाळा कुठल्या तरी प्रबंधात छापला जाईल, आणि त्याची जबाबदारी माझी आहे.

आबा शेळ्यांच्या बाजूला उभे होते. माझ्या हातातला मोबाईल बघून त्यांनी काही विचारलं नाही. एक गिऱ्हाईक आलं, रुमाल पडला, हात गेला, सुटला. आठ. त्यांनी माझ्याकडं फक्त भुवया उचलून बघितलं.

सोमवारी गोदामात जाऊन जोडीदाराला सांगितलं, आता अकरा सेकंद. तो म्हणाला, "शुकर है. तेरे हाथ को पसीना बहुत आता है." का कमी केले ते त्यानं विचारलं नाही. माझ्या जोडीदाराला कलेतलं सगळ्यात जास्त कळतं, असं माझं मत होत चाललंय.

अकरा सेकंदांचं नवं रेकॉर्डिंग पुण्याला पाठवलं. दाढीवाल्या आयोजकाचा फोन आला. आवाजात दुःख होतं. जी शांतता आखडती घ्या म्हणून तो मागं लागला होता, तीच आता त्याला आठवत होती.

"सर, खूप छान आहे. पण एक मोकळेपणानं बोलू? आधीची शांतता जास्त अस्सल होती. त्यात तुमची माती होती. ही जरा, काय म्हणू, शहरी वाटते."

मी त्याला खरं ते सगळं सांगितलं. बाजार, मोबाईल, सात, नऊ, अकरा. तो ऐकून घेऊन म्हणाला, की वास्तव आणि अस्सल यांत फरक असतो. मी म्हणालो, माझ्या डिग्रीत हा धडा नव्हता. गाणं असंच राहील. घ्यायचं तर घ्या. अजून त्यानं घेतलेलं नाही.

संध्याकाळी घरी फोन केला तेव्हा आबांना सांगितलं, की पुण्याच्या एका माणसाला तुमचं माप पटत नाही, त्याला चाळीसच पाहिजेत.

"करतो काय त्यो?"

"कार्यक्रम ठरवतो."

 आबांच्या मागं मेंढरांचा आवाज येत होता.

"त्याला म्हणावं, एक बोकड घिऊन बाजारात ये रविवारी. अन् चाळीस धरून दाखीव."